पाखाडी सिमेंटखाली घालू नका : आमच्या ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी,
तसेच सर्व वाड्यांचे गावकर, मानकरी आणि ग्रामस्थ

विषय : देवळापासून खालच्या वाडीपर्यंतच्या जांभ्याच्या पाखाडीचे काँक्रिटीकरण थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

देवळापासून शाळेपर्यंतच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, गेल्या उन्हाळ्यात सिमेंट काँक्रीट ओतले गेले, आणि शाळेपासून खाली व्हाळापर्यंतचा (ओढ्यापर्यंतचा) उरलेला टप्पाही पावसाळा सरताच तसाच करून घेण्याचा ठराव झाल्याचे ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचले. त्याविरुद्ध मी दिलेल्या अर्जाची पोच मला मिळाली, उत्तर मात्र मिळाले नाही. म्हणून तेच म्हणणे आता सर्वांसमोर मांडत आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण एक तर मला गावाची बदनामी करायची नाही, आणि दुसरे म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कितीतरी गावांतील मंडळींना हे पत्र आपल्याच गावाचे वाटेल.

मी या गावची सून आहे आणि नोकरीची सगळी वर्षे मुलांना चित्रकला शिकवण्यात गेली. आमचे घर पाखाडीच्या मधल्या वळणावर आहे. घराच्या वरच्या अंगाचा गडगा, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय रचलेली दगडी भिंत, माझ्या सासऱ्यांनी गावातल्या पाथरवटांच्या हाताखाली राबून स्वतः रचलेला आहे, आणि आमच्या आगरातल्या पोफळींना जे पाणी मिळते ते याच उतारावरून झिरपत येते. तेव्हा माझा यात स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण पाखाडीवरून चालणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

आपण ज्याला ‘कच्चा रस्ता’ म्हणून अंदाजपत्रकात दाखवले, ते बांधकाम नेमके काय आहे हे कोणीतरी लिहून ठेवायला हवे. आपला सडा, म्हणजे गावाच्या डोक्यावरचे कातळाचे पठार, जांभ्याचा आहे. मूळचा काळा खडक हजारो-लाखो वर्षे मुसळधार पाऊस आणि कडक ऊन यांच्या आलटापालटीत कुजत गेला, त्यातले विरघळणारे सारे वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, तो हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. खाणीतून काढताना तो ओलसर आणि मऊ असतो, टाकीने सहज घडवता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन याने केरळातील अंगाडीपुरम येथे हा दगड पाहून त्याचे वर्णन १८०७ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून जगभरच्या भूशास्त्रात त्याला लॅटेराइट म्हणतात, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ साली त्या जागी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकही केले. आपल्याकडे मात्र त्यापूर्वी कित्येक शतके किल्ले, देवळे, दीपमाळा, विहिरी आणि पाखाड्या याच दगडाच्या होत होत्या.

आता आपल्या पाखाडीची एक पायरी नीट पाहा. शाळेखालचा टप्पा अजून शाबूत आहे, त्यामुळे हे पाहता येईल. पायरीच्या पुढच्या काठाला लांब, घडीव चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, उभ्या बाजूने रोवलेला आहे आणि तो सड्याच्या वरच्या, कठीण थरातला आहे. त्याच्या मागे खालच्या थरातले, त्या मानाने मऊ चिरे आडवे बसवले आहेत. त्यांच्याखाली दगडगोटे आणि माती यांची भर आहे, आणि कुठेही चुना किंवा सिमेंट नाही. प्रत्येक पायरीला डोंगराच्या बाजूकडे किंचित ढाळ दिलेला आहे, त्यामुळे वरून आलेले पाणी पायरीवरून पायरीवर न कोसळता कडेच्या पन्हळीत जाते, आणि काही सांध्यांतून तिथेच जिरते. पायऱ्यांची उंची कमी आणि रुंदी जास्त आहे, कारण या वाटेने माणसांच्या बरोबरीने गुरेही चढत. पालखी जिथे वळते तिथे सलग काही पायऱ्या एका अंगाने रुंद केल्या आहेत, म्हणजे वळताना पुढचे आणि मागचे खांदे एका पातळीत राहावेत. आंब्याखाली एक ओटा आहे. तो बसायचा नव्हे, कारण बसायला तो फार उंच आहे. गवताचा किंवा लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन एकटी निघालेली बाई कोणाची मदत न घेता तो तिथे टेकवू शकेल आणि दम खाऊन पुन्हा उचलू शकेल, अशा बेताची ती उंची आहे. हे ज्याने केले त्याचे नाव कुठेही कोरलेले नाही. पण त्याने ही वाट बांधण्याआधी ती कोणाच्या पायांखाली येणार आहे ते पाहून घेतले होते, एवढे नक्की. चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना ‘रचना’ शिकवायला याच पायऱ्यांवर आणून बसवत असे.

यावर काँक्रीट ओतल्याने काय झाले ते आता क्रमाने सांगते.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल आहे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘अंतर्गत रस्ता सुधारणा’ एवढेच शब्द होते. रस्ता म्हणजे पाखाडी आणि सुधारणा म्हणजे तिच्यावर काँक्रीट, हे त्या शब्दांतून कोणालाही कळणे शक्य नव्हते. अंदाजपत्रक सभेत वाचले गेले नाही. वरच्या टप्प्याच्या वेळी आम्हाला कळले ते खडीचा ढीग देवळासमोर पडल्यावर. मार्चअखेर निधी परत जातो, म्हणून घाई करावी लागते, असे नंतर सांगण्यात आले. निधी परत जाण्याची भीती खरी असेल, पण त्या भीतीपोटी कोणती वस्तू मोडायची याचा निर्णय एका दुपारी व्हावा हे बरोबर नाही.

दुसरी तक्रार पाण्याची आहे आणि माझ्या लेखी तीच सर्वांत मोठी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. हे पाणी उतारावरून खाली न्यायचे कसे, हा इथल्या कोणत्याही बांधकामापुढचा पहिला प्रश्न असतो. जुनी पाखाडी त्याचे उत्तर तीन ठिकाणी देत होती : थोडे पाणी सांध्यांतून जिरत होते, थोडे कडेच्या पन्हळीने जात होते, आणि उरलेले दोन्ही अंगांच्या गडग्यांच्या फटींतून हळूहळू पाझरत होते. काँक्रीट ओतताना पायऱ्या सरळ पातळीत केल्या, म्हणजे ढाळ गेला. पन्हळ बुजवून तेवढी रुंदी वाढवली, म्हणजे पाण्याची वाट गेली. सांधे बंद झाले. पहिल्याच मोठ्या पावसात शाळेच्या वरचे सगळे पाणी पायऱ्यांवरून धावत खाली आले, शाळेसमोरच्या वळणावर ते वळू शकले नाही आणि समोरच्या घराच्या खळ्यात (अंगणात) शिरले. त्या घराचा गडगा आधी फुगला आणि मग आडवा झाला. चिऱ्यांचा ढीग आजही तिथे पडलेला आहे. आपण पंचनामा केलात, त्यात ‘अतिवृष्टी’ असे कारण लिहिले आहे. अतिवृष्टी त्या गडग्याने याआधीही पुष्कळ पाहिली होती.

गडगा पडला म्हणजे तो कच्चा होता, असा युक्तिवाद मला ऐकवण्यात आला. गडगा सुका रचलेला असतो तो सिमेंट परवडत नव्हते म्हणून नव्हे. त्याच्या पाठीशी भिजलेली माती असते आणि त्या मातीतले पाणी बाहेर पडायला वाट लागते. ती वाट प्रत्येक फटीत असते, म्हणून भिंतीवर पाण्याचा दाब साठत नाही. सिमेंटच्या संरक्षक भिंतींना इंजिनियर लोक मुद्दाम नळीची भोके ठेवायला सांगतात ती याचसाठी. मात्र एकाच ठिकाणी, एकाच वेळी, सगळ्या उताराचे पाणी आणून सोडले तर कोणताही गडगा उभा राहणार नाही.

शिवाय काँक्रीट तरी टिकणार आहे का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. खालची भर मातीची आणि गोट्यांची आहे. कडेने आत शिरणारे पाणी त्यातली बारीक माती धुऊन नेते, स्लॅबखाली पोकळी होते आणि मग वरून भेग पडते. शाळेच्या कोपऱ्यावर अशी पहिली भेग गणपतीच्या आतच दिसली. तिच्यात काठी घातली तर ती आत जाते, कोणीही जाऊन पाहावे. जुन्या पाखाडीची एक पायरी खचली तर पहार घालून एक चिरा उचलायचा, खाली गोटे भरायचे आणि तोच चिरा परत बसवायचा, हे दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम होते. फुटलेल्या काँक्रीटला एकतर वरून सिमेंट फासायचे किंवा यंत्र आणून सगळे फोडायचे, आणि त्या वाटेने यंत्र खाली येत नाही.

तिसरी तक्रार चालण्याची. इथे मी दोन्ही बाजू सांगते. सावलीतल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि तिथे पाय सटकतो, हे खरे आहे. म्हणून तर पूर्वी प्रत्येक वाडी आपापला टप्पा गणपतीच्या आधी खरवडून काढत असे. ती पद्धत बंद पडली ती आपल्या सर्वांच्या आळसामुळे, त्यात दगडाचा दोष नाही. पण शेवाळ काँक्रीटवरही धरते, आणि गुळगुळीत घोटलेल्या काँक्रीटवर ते धरले की पायाला पकड म्हणून काहीही उरत नाही. जांभ्याचा पृष्ठभाग भोकांचा आणि खरखरीत आहे, घासला की तो पुन्हा पाय धरतो. यंदा वरच्या टप्प्यावर किती जण पडले याची नोंद ग्रामपंचायतीकडे नाही, आमच्या उपकेंद्रातल्या ताईंकडे विचारणा केली तर थोडी कल्पना येईल. शिमग्यात पालखी अनवाणी पायांनी नाचते. भर उन्हात काँक्रीटवर ती कशी नाचवायची, हे मानकऱ्यांनी आपल्याला विचारले असेल असे मी धरून चालते.

चौथी तक्रार चिऱ्यांची. वरच्या टप्प्यातले पुढच्या काठाचे घडीव चिरे उखडून, घणाने फोडून, काँक्रीटखाली सोलिंग, म्हणजे पायाची भर, म्हणून टाकले गेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि कामावरच्या मुकादमाला थांबवायला गेले तेव्हा त्याने अंदाजपत्रकात जुन्या दगडाची किंमत शून्य आहे, असे सांगितले. त्याचे काही चुकले नाही, त्याला कागदावर जे दिले होते ते त्याने केले. काही चिरे अख्खेही निघाले होते. ते कुठे गेले याची नोंद दाखवावी, एवढीच माझी विनंती आहे. कोणावर आरोप करण्याची माझी इच्छा नाही. आज असा हाताने घडवलेला लांब चिरा बाजारात मिळत नाही. खाणीत यंत्राच्या पात्याने कापलेले एकाच मापाचे चिरे मिळतात, ते ट्रकने घाटावर जातात आणि मागे सड्यावर चौकोनी खड्डे उरतात. तेव्हा नवे चिरे आणून नवी पाखाडी करा, असेही मी म्हणत नाही. सड्याला आणखी खड्डे नकोत. जे चिरे वाटेत आहेत तेच वापरावेत.

पाचवी तक्रार माणसांची आहे, आणि ती ग्रामपंचायतीइतकीच आपल्या सर्वांवर आहे. गावात सुका गडगा रचता येणारे, ओळंबा न लावता नजरेने चिरा बसवणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत आणि तेही म्हातारे झाले आहेत. त्यांच्या मुलांनी हे काम शिकले नाही, कारण गेल्या कित्येक वर्षांत गावाने त्यांना एकही काम दिले नाही. ग्रामपंचायतीची सगळी कामे ठेकेदाराकडे जातात, ठेकेदार बाहेरून माणसे आणतो, ती माणसे काँक्रीट ओततात आणि जातात. या पाखाडीवर जो पैसा खर्च झाला त्यातला बराच सिमेंट, खडी आणि वाहतूक यांवर गेला. तेच काम सुक्या दगडाचे असते तर साहित्य वाटेतच होते, आणि पैसा मजुरीच्या रूपाने वाडीत राहिला असता. सरकारी दरसूचीत अशी कामे बसत नाहीत, असे मला सांगण्यात आले. मग बांध आणि नाल्यांच्या कामांत सुके दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, कसे करून घेतले जाते? ते बसते, तर पाखाडीची दुरुस्तीही बसवता येईल. कनिष्ठ अभियंत्यांनी मनावर घेतले तर तो एका पानाचा विषय आहे.

जगात या कामाला काय किंमत आहे तेही सांगते, कारण ‘जुने ते कवटाळून बसणारी बाई’ असा माझा उल्लेख झाल्याचे कानावर आले आहे. युनेस्कोने २०१८ साली सुक्या दगडी भिंती रचण्याची कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या आठ देशांनी मिळून तो प्रस्ताव दिला होता, आणि २०२४ साली आयर्लंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम, लक्झेंबर्ग व अँडोरा हेही त्यात सामील झाले. म्हणजे ज्या देशांकडे सिमेंटची काही कमतरता नाही, त्यांनी ही विद्या जपण्यासाठी हात पुढे केला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॉर्म किंग या शिल्पोद्यानात अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश कलावंताने १९९७-९८ मध्ये २,२७८ फूट लांबीची एक सुकी दगडी भिंत उभारली. शेतातल्या जुन्या पडक्या भिंतीच्या खुणेवरून निघून ती झाडांना वळसे घालत तळ्यात उतरते आणि पलीकडून पुन्हा वर येते. त्यासाठी त्याने ब्रिटनमधून गडगे रचणारे कारागीर नेले होते. लोक तिकीट काढून ती भिंत पाहायला जातात. आमच्या वाडीतला कोणीही माणूस तिच्यापुढे उभा राहिला तर पहिल्या नजरेत ओळखेल की हा गडगा आहे, आणि कुठे चिरा नीट बसला नाही तेही सांगेल.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. २०२२ साली भारताच्या ज्या तीन स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात मेघालयातील जिवंत मुळांचे पूल आहेत. खासी आणि जैंतिया लोकांनी रबराच्या झाडाची मुळे ओढ्यापलीकडे वळवून, वाढवून केलेले ते पूल गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातले आहेत. दुसरे स्थळ आंध्रातील लेपाक्षीचे वीरभद्र मंदिर, आणि तिसरे आपलेच, कोकणातील कातळशिल्पे, म्हणजे सड्याच्या कातळात खोदलेली चित्रे. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरूण, उक्षी ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातले आणि फणसायमळ गोव्यातले. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची कितीतरी चित्रे खोदलेली आहेत. ती ज्या कातळावर आहेत तोच कातळ आपल्या गावाच्या डोक्यावर आहे. आपल्या सड्यावर कातळशिल्प सापडलेले नाही, म्हणून आपल्याकडे कोणी संशोधक येत नाही आणि पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लागत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्मारक ठरायला किमान शंभर वर्षे लागतात. आपली पाखाडी त्याहून जुनी असेलही, पण कागद नाही, आणि गावातल्या पायवाटेला स्मारक म्हणून घोषित करायला कोणी येणार नाही. तशी माझी अपेक्षाही नाही. पाखाडी चालायची वस्तू आहे, कुंपणात ठेवायची नाही. तिचे रक्षण कोणी करायचे तर ते ग्रामसभेने, कारण या वाटेवर अधिकार असलेली दुसरी कोणतीच सभा नाही.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा दाखला मला एका सदस्यांनी दिला, त्याचा उल्लेख इथेच करते. १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या जांभ्याच्या इमारतीचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला दगड पावसाने झिजत आहे, म्हणून तो पुन्हा झाकावा की नाही यावर गोव्यात वाद आहे. यावरून ‘जांभा झाकलेलाच बरा’ असा निष्कर्ष सदस्यांनी काढला. उंच भिंत आणि वाट यांत फरक आहे. भिंतीतला चिरा झिजला तर इमारत धोक्यात येते, म्हणून तिला चुन्याच्या गिलाव्याचे पांघरूण दिलेले होते. पाखाडीचा चिरा झिजणार हे धरूनच बसवलेला असतो आणि तो सुटा काढून बदलता येतो. आपल्या पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या आहेत, त्या उलटून बसवल्या तर आणखी दोन पिढ्या पुरतील. हे माझे म्हणणे नाही, आमच्या वाडीतल्या वयोवृद्ध पाथरवटांचे आहे.

आता ज्यांना हे काँक्रीट हवे आहे त्यांच्याबद्दल. त्यांची गरज खोटी नाही. खालच्या वाडीतल्या आजारी माणसाला आजही खुर्चीत बसवून वर आणावे लागते. तरुणांना दुचाकी घरापर्यंत न्यायची आहे. म्हाताऱ्यांना आधाराला काही नाही आणि रात्री उजेड नाही. पण काँक्रीट ओतलेल्या वरच्या टप्प्यावरून दुचाकी जाते का? पायऱ्या त्या पायऱ्याच राहिल्या. रुग्णवाहिका येते का? खुर्ची उचलणारी चार माणसे आजही तितकीच लागतात, फक्त आता त्यांचे पाय घसरतात. खालच्या वाडीला गाडीरस्ता हवा असेल तर तो व्हाळाच्या पलीकडून, मळ्याच्या कडेने येऊ शकतो. जमीनमालकांशी बोलणी करावी लागतील, म्हणून तो विषय मागे पडला आहे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. तो रस्ता झाला तर मी स्वतः आमच्या मळ्याच्या कडेची जागा द्यायला तयार आहे आणि तसे लेखी देते.

एवढे लिहिल्यावर माझ्या मागण्या स्पष्टपणे मांडते.

शाळेपासून व्हाळापर्यंतच्या टप्प्याचे काम ग्रामसभेत पुन्हा चर्चा होईपर्यंत सुरू करू नये. त्या कामाचे अंदाजपत्रक, नकाशा आणि वरच्या टप्प्याच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती मिळवता येईल, हे मला माहीत आहे, पण आपल्याच गावात तशी वेळ येऊ नये. वरच्या टप्प्यावर डोंगराच्या बाजूने बुजवलेली पन्हळ येत्या पावसाआधी मोकळी करावी आणि शाळेसमोरच्या वळणावर पाणी आडवे काढून व्हाळात सोडण्याची सोय करावी. पडलेला गडगा ग्रामपंचायतीच्या खर्चाने, त्याच चिऱ्यांत, सुकाच रचून द्यावा. त्या घरच्या माणसांना सिमेंटची भिंत घ्या, असे सुचवले जात आहे. तसे झाले तर ते पाणी पुढच्या घरात जाईल.

खालच्या टप्प्याची दुरुस्ती गावातल्या पाथरवटांकडून करून घ्यावी, त्यांच्या हाताखाली गावातलीच काही मुले रोजंदारीवर द्यावीत आणि पाथरवटांना कुशल कामगाराची मजुरी मिळावी. जे चिरे अख्खे निघाले होते ते जिथे असतील तिथून परत आणावेत. पायऱ्यांच्या एका अंगाला लोखंडी कठडा आणि तीन-चार ठिकाणी सौर दिवे बसवावेत. यासाठी दगडाला हात लावावा लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांची खरी मागणी हीच आहे.

शेवटची मागणी कागदाची आहे. गावातल्या सगळ्या पाखाड्या, गडगे, बावी, पार आणि सड्यावरची तळी यांची एक नोंदवही करावी. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही असायची असते. आपल्याकडे ती समिती कागदावर आहे, तिला हे काम द्यावे. गडग्याच्या फटींतले नेचे, सरडे, बेडूक आणि पावसाळ्यात सड्यावर येणारी सीतेच्या आसवांची फुले ही त्याच नोंदवहीत जातील. पाखाड्यांचे रेखांकन आणि मापे काढण्याचे काम मी विनामूल्य करीन. शाळेने परवानगी दिली तर आठवी-नववीची मुले बरोबर घेईन. त्या नोंदवहीत आलेल्या कोणत्याही बांधकामावर ग्रामसभेच्या स्पष्ट ठरावाशिवाय सिमेंट घालता येणार नाही, असा ठराव करावा.

या मागण्यांवर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत चर्चा व्हावी आणि विषयपत्रिकेत ‘रस्ता सुधारणा’ न लिहिता ‘देऊळ ते व्हाळ पाखाडी’ असे लिहावे, म्हणजे ज्यांचे घर त्या वाटेवर आहे ते सगळे येतील. त्याआधी सरपंच, सदस्य आणि अभियंता यांनी एकदा माझ्याबरोबर देवळापासून व्हाळापर्यंत चालत यावे. कोणता दिवस सोयीचा आहे ते ग्रामपंचायतीच्या शिपायाकरवी कळवले तरी चालेल. सकाळी लवकर निघावे, वरच्या टप्प्यावर अकरानंतर उभे राहवत नाही.

आपली विश्वासू,
खालच्या वाडीतील एक रहिवासी व निवृत्त चित्रकला शिक्षिका